भावकीचा सहाखांबी मंडप

टेकू सरकला. वरची तुळई करकरली आणि छपरावरचे कवेलू घसरून फुटू लागले. बरोबर खाली माझे भासरे मांडी घालून बसले होते. नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर उभंही राहायचं नसतं.

आर्णीकडच्या आमच्या गावातला हा मंडप आमच्या भावकीचा. खूप मागच्या पिढीत सहा भाऊ वेगळे झाले. वावर वाटलं, बैल वाटले, पण बसायची जागा एकच ठेवली. प्रत्येकानं एक सागवानी खांब आणला. म्हणून एक जाड, एक बारीक, एकावर मोर कोरलेला आणि एक चक्क वाकडा. वाकडा आमच्या घराचा. दगडी ओटा, चारी बाजू उघड्या, वर कवेलू. खांब जमिनीत गाडलेले नाहीत, दगडावर नुसते उभे आहेत. लाकडाला खाच पाडून लाकूड बसवलंय, खिळा नाही. लग्न ठरवणं, भांडण मिटवणं, सगळं तिथंच. बायकांनी ओट्याखाली, जमिनीवर बसून ऐकायचं.

वाकड्या खांबाला वाळवी लागली. पुतण्यांना सगळं पाडून स्लॅब टाकायचा होता. भासरे म्हणाले, खांब बदला. खांब बदलताना मंडप रिकामा ठेवत नाहीत, भावकीतला मोठा माणूस आत बसतो.

"बाबा, बाहीर बसा. जीव जाईन," त्यांचा मुलगा म्हणाला.

"मी उठलो त तुमी उद्याच शिमीट आणसान."

खोटं नव्हतं.

वाकडा खांब काढून तुळईला दिलेला टेकू सरकला तेव्हा माझा नवरा आणि पुतणे पलीकडच्या टोकाला दोर धरून होते. मी ओट्याखाली चहा गाळत होते. जवळ मीच. ओरडले, "उठा नं! मराचं हाय काय?"

ते तुळईकडे पाहायचं सोडून माझ्याकडेच पाहत राहिले. ही बोलली कशी! मग मी ओट्यावर चढले. भासऱ्याचा हात धरणं काही जमेना, म्हणून धोतर धरलं आणि जोरात ओढलं. आम्ही दोघं ओट्याखाली आलो आणि मागे अख्खा कोपरा कोसळला.

धूळ बसली. भासरे पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत चहाच्या गंजाजवळ बसले होते. धोतर माझ्या हातात.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वो, जल्मभर तोंड नाई दाखवलं, अन् आज एकदम माह्या माणसाचं धोतरच फेडलं!"

दोर धरणारे हसून हसून खाली बसले. माझा नवरा सगळ्यात जास्त हसला.

भासरे पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "बाई, धोतर दे. चहा हाय का सांडला?"

"हाय. पयले नेसा."

जीव गेला तरी हा माणूस उठत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून स्लॅबचं नाव मग कोणी काढलं नाही. पुतण्यांनीच गोठ्यातली जुनी तुळई कापून खांब केला. तो उभा करायच्या दिवशी भासरे पुन्हा मधोमध बसले आणि म्हणाले, "हिलेही वर बसवा. मले ओढाले कोणी पाह्यजे."

मी बसले. नवा खांब सरळ आहे, मला काही तो आवडत नाही. वाकडा बरा होता. पण आता मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसते, आणि माझ्यामागून बाकीच्या सुनाही बसू लागल्या. भासरे सगळ्यांना सांगतात की ते आपणहून उठणारच होते. मी त्यांच्या तोंडावर म्हणते, "खोटं!"

कोपरा पडायच्या क्षणभर आधी छपराखाली ते आणि मी, दोघंच होतो. दोघंही जगलो.