देखभालीअभावी

सरकारी मराठीत एक शब्द आहे, ‘देखभालीअभावी’. कुठलीही वस्तू भंगारात काढायची झाली की तो ठोकून द्यायचा, कोणी विचारत नाही. निदान माझी तरी तशी समजूत होती.

मी नाशिकला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो. धरणावर आमच्या खात्याची एक सागवानी होडी होती. पाणी मोजायला, साहेबांना दरवाजांपर्यंत न्यायला. तिच्यावर एक नावाडी होता, त्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. दर उन्हाळ्यात तो तिला काठावर ओढायचा, फटींत कापूस ठासायचा, वरून डांबर फासायचा. पुढे फायबरची बोट आली आणि जुनीचा लिलाव ठरला. ती पाहून अहवाल लिहायचं काम माझं. धरण असं कितीसं लांब? पण ऊन मरणाचं, आणि आळस माझ्या पाचवीला पुजलेला. एका जुन्या जीपची फाइल काढली आणि ‘जीप’च्या जागी ‘होडी’ लिहिलं. ‘देखभालीअभावी तळ गंजून निकामी’ असं होतं, त्यातल्या ‘गंजून’चं ‘कुजून’ केलं. केवढा हुशार!

वरून विचारणा झाली, देखभाल कोणाकडे होती? मामाला नोटीस निघाली. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बिचारा ती घेऊन माझ्याकडेच आला. “भाऊसाहेब, तुम्हीच लिव्हा उत्तर. मला सहीपुरतंच येतं.”

मी लिहिलं, ‘माझ्याकडून हयगय झाली, माफी असावी.’ प्रकरण लवकर मिटावं म्हणून, असं स्वतःला समजावलं. कसलं काय! माझं बिंग फुटू नये म्हणून.

“काय लिव्हलं?” त्यानं विचारलं.

“नेहमीचंच,” मी म्हणालो. त्यानं जपून, एकेक अक्षर काढत सही केली. शिक्का मारलेली प्रत मी त्याच्या हातात दिली.

परवा पिंपळगावला एका द्राक्षबागायतदाराकडे गेलो, तर शेततळ्यात तीच होडी! मालक कौतुकानं म्हणाला, “लिलावात घेतली होती. इतकी वर्षं झाली, थेंबभर पाणी आत येत नाय.” माझं तोंड काळंठिक्कर पडलं.

राहवेना. दुसऱ्या दिवशी एसटीनं मामाचं गाव गाठलं आणि त्याच्या ओट्यावर बसून सगळं कबूल केलं. त्याची सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, “त्यांना ठाव हाय. मी लग्न होऊन आले, तेव्हाच मी त्यांना तो कागद वाचून दाखवला होता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हणजे त्यानंतर बाजारात भेटलो की हा माणूस मला हात जोडत होता, तो सगळं माहीत असून.

मामा म्हणाला, “गावात अजून म्हणतात, यानं सरकारची होडी कुजवली. भाऊसाहेब, पारावर मंडळी बसलीत. चला, तेवढं त्यांना सांगा.”

मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, “मामा, गाडी चुकेल.”

त्यानंतर अजून दोन गाड्या होत्या. त्यालाही ते माहीत होतं.