बांगडीच्या मापाचा हात

आमच्या साडूंना उद्या साक्षात विष्णू भेटला तरी ते त्याच्या चेहऱ्याकडे ढुंकून पाहणार नाहीत. चार हात आहेत एवढं दिसलं की त्यांना पुरे. शंख, चक्र आणि कमळ बाजूला ठेवायला सांगून ते एकेका हाताची मूठ वळवून बघतील, गदेच्या हाताचं मनगट सुजलंय असं निदान करतील आणि महिनाभर गदा उचलायची नाही अशी देवाला ताकीद देतील. त्यांच्या भक्तीवर शंका घ्यावी म्हणून मी हे सांगत नाही. माणसांच्या बाबतीत ते जन्मभर हेच करत आलेत, तेव्हा देवाला वेगळी वागणूक मिळेल असं मानायला काही आधार नाही.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मलकापूरला हाताचा दवाखाना चालवतात. कोपरापासून नखापर्यंत, त्याच्या वर नाही आणि खाली तर नाहीच. त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा डॉक्टर म्हणून आमच्या सासुरवाडीला आनंद झाला होता. पण तो नुसता हाताचा डॉक्टर आहे हे कळल्यावर आजेसासऱ्यांनी काळजीनं विचारलं, "मग बाकीचं शिक्षण कधी पुरं होणार?" साडूंनी उत्तरादाखल आजेसासऱ्यांचाच हात हातात घेतला आणि त्यातल्या शिरा, कंडरा, हाडं समजावून सांगायला सुरुवात केली. पोहे थंड झाले, मग चहा थंड झाला. मुलगी दाखवायची राहिली आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आलं तेव्हा ते मधल्या बोटापर्यंत पोचले होते. मुलगी चहाचा दुसरा ट्रे घेऊन आली. साडूंनी तिचे हात पाहिले आणि होकार दिला. चेहरा त्यांनी लग्नानंतर सवडीनं पाहिला असावा, असं ती, म्हणजे आमची अक्का, अजून म्हणते.

माणसं ते हातावरून ओळखतात. मी मिशा काढल्या त्या दिवशी आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा माझ्यावर भुंकलं होतं, पण साडूंच्या लक्षात काही आलं नाही. तेच पुढं एकदा मलकापूरच्या स्टेशनवर मी त्यांना हाक मारली तर ते माझ्याकडे वसुलीला आलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. मी हात वर केला. लगेच त्यांचा चेहरा उजळला. "अरे, साडूभाऊ! आवाज बसला वाटते तुमचा." एका लग्नाच्या पंगतीत मी जिलबी वाढत असताना त्यांनी माझं मनगट धरलं, हातातली जिलबी तशीच लोंबकळत ठेवली आणि विचारलं, "अनामिका सकाळी उठल्यावर अडकते ना? खट्‌कन उघडते?" उघडत होती. पण ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पुढं त्या बोटासाठी मला त्यांच्या दवाखान्यात फेऱ्या माराव्या लागल्या. पुढची हकीकत मी डोळ्यांनी पाहू शकलो ती त्या बोटामुळेच.

शेगावला दर्शनाच्या रांगेत आम्ही सगळे मिळून उभे होतो. गाभारा दिसू लागला आणि साडू रांगेतून नाहीसे झाले. समोरून दर्शन करून येणाऱ्या एका गृहस्थाचे हात जोडलेले असूनही करंगळ्या आत वाकलेल्या होत्या, तळवे सपाट जुळत नव्हते. साडू त्याच्यामागे प्रसादाच्या दारापर्यंत गेले. "तुमचा नमस्कार नीट लागून नाही राह्यला," असं त्यांनी त्याला सांगितलं. त्या भाविकाला हा महाराजांचाच इशारा वाटला आणि त्यानं आपली सगळी पापं तिथल्या तिथं सांगितली. साडूंनी ती ऐकून घेतली आणि मलकापूरचा पत्ता दिला.

मोठेपणाची त्यांना कधी भीती वाटली नाही, कारण मोठेपणा बहुतेक गळ्याच्या वरच असतो. एका बियाणं विक्रेत्यानं शेतकरी मेळावा घेतला होता. मंडपाएवढं पोस्टर, पोस्टरवर डोक्याएवढं कपाशीचं बोंड, आणि या वाणावर अळी बसणारच नाही अशी हमी. ती हमी वाचून अळ्यांनी काय ठरवलं ते पुढं कळलंच. साडूंना सत्कारासाठी बोलावलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, फोटोसाठी हात पुढं केला आणि तो हात त्यांना परत मिळेना. साडूंनी तो उलटा केला, अंगठ्याखालचा गड्डा दाबला आणि समोर माईक आहे हे विसरून म्हणाले, "हा गड्डा तर पार बसला. हातातून वस्तू पडतात काय हो? झोपेत मुंग्या येतात?" पाहुणे सबंध जिल्ह्याला न झोपता जपणारे म्हणून नुकतेच वर्णिले गेले होते. त्यांनी मान हलवली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आश्वासनं बी त्याच हातातून पडले वाटते." पाहुणे पुढच्याच आठवड्यात मागच्या दारानं दवाखान्यात आले आणि मनगटातली दाबलेली नस मोकळी करून घेऊन गेले. एवढा लोकाभिमुख निर्णय त्यांनी त्या वर्षी दुसरा घेतला नसावा.

दवाखान्यात साडूंची स्वतःची अशी मापं आहेत. हात बरा झाला की नाही हे ते यंत्रानं ठरवत नाहीत. यंत्र त्यांच्याकडे आहे, त्यावर सिस्टर चष्मा ठेवते. पुरुषाचा अंगठा बरा झाला का हे बघायला ते त्याला तंबाखू मळायला लावतात. तंबाखूचा त्यांना विलक्षण राग. जोडलेल्या बोटाचं रक्त तंबाखू आटवते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पण अंगठ्याची एवढी बारीक परीक्षा दुसऱ्या कशात होत नाही, हेही मान्य करतात. मग दुसरबीडहून आलेला एखादा मळणीयंत्रात सापडलेला गडी त्यांच्यासमोर चुना लावून तंबाखू मळतो. साडू वाकून बघतात. "वा. अजून जोर दे. वा. आता फेकून दे बे." इतकी मन लावून मळलेली तंबाखू फेकताना मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर सुकलेली बोंडं खिळ्यांनी ठोकलीत आणि वेचणाऱ्या बायकांनी बोटांच्या चिमटीनं त्यातला कापूस काढायचा. ज्या वर्षी गुलाबी अळीनं शेतंच्या शेतं आतून पोखरली, त्या वर्षी जिल्ह्यात निरोगी बोंडं काय ती त्या फळीवर होती, कारण ती जुनी होती.

पण त्यांची खरी कीर्ती बांगड्यांची. हाताच्या शस्त्रक्रियेआधी बांगड्या उतरवाव्या लागतात. त्या निघाल्या नाहीत तर कापायच्या, हा सगळीकडचा रिवाज. नवरा जिवंत असताना काचेची बांगडी कापायची म्हटल्यावर आमच्याकडच्या बाया टेबलावरून उठून घरी जातात. साडूंच्या सुरुवातीच्या वर्षांत तीन जणी अशा गेल्या. तेव्हा त्यांनी बाजारातल्या एका मणियार चाचांकडे शिकवणी धरली आणि साबण लावून, तळवा दुमडून, एकही काच न फोडता बांगडी उतरवायला आणि चढवायला शिकले. चाचा खूश होऊन म्हणाले, "डॉक्टरसाब, हात में हुनर है. दवाखाना बंद करो, दुकान डालो." साडूंनी दुकान दवाखान्यातच टाकलं. हिरव्या बांगड्यांचा एक डबा टेबलावर आला. बाईच्या जुन्या मापाची बांगडी दुखावलेल्या हातावरून सरकन मनगटात गेली म्हणजे तळवा पूर्वीसारखा दुमडतो, म्हणजे हात बरा. मग ते डझनभर बांगड्या स्वतः भरतात आणि बाईला घरी पाठवतात. आमच्या भागात दवाखान्यातून सुटलेली बाई ओळखू येते ती अशी.

त्या अळीच्याच वर्षी श्रावणात मोताळ्याकडच्या एका गावातून एक सून आली. उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला होता. तळव्याची हाडं मोडलेली, दोन बोटांच्या कंडरा तुटलेल्या. सबंध घर तिच्याबरोबर आलं होतं. सबंध घर म्हणजे सासू. म्हातारीनं साडूंना एवढंच सांगितलं, "साहेब, घरात चालता हात हा येकच हाय. कापूस फुटाच्या आत उभा करून द्या." साडूंनी नेहमीप्रमाणे मान वर न करता हात पाहिला आणि ते प्रसन्न झाले. "हुशार बाई. बांगड्या घरूनच उतरवून आली." त्या बाईचा नवरा आदल्या वर्षी फवारणीचं औषध पिऊन गेला होता. सरकारी मदत देतानाचा फोटो पेपरात आला होता. त्यात सगळ्या पाहुण्यांचे चेहरे नीट आले होते आणि कडेला तिचा फक्त हात आला होता. गंमत अशी, की हा फोटो बघून तिला ओळखू शकेल असा माणूस जिल्ह्यात एकच होता, आणि तो पेपर वाचत नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. मग आठवड्याच्या बाजाराबरोबर दोघींच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या बोटाचाही तोच वार, त्यामुळं बाकावर आमची ओळख झाली. साडू तिला रागावायचे. "मूठ वळव. माशी धरल्यावानी नाही, इळा धरल्यावानी." ती ओठ चावून वळवायची. म्हातारी बाजूला बसून स्वतःचीही मूठ वळवत असायची, जणू तिनं जोर लावला की सुनेचं बोट अर्धा इंच जास्त हलणार होतं. "होते न बाप्पा," ती मला सांगायची, "दिवाळीलोक होते." दिवाळीपर्यंत होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. तळवा पाटीसारखा ताठ होता.

दसरा झाला. एका बाजाराच्या दिवशी साडूंनी तो हात बराच वेळ चाचपला, फळीवरचा कापूस काढायला लावला आणि बांगड्यांचा डबा ओढला. "तुझं माप काय व? दोन-चार?"

बाकावर वीसेक माणसं असतील. सगळ्यांच्या माना वळल्या. सिस्टर खोकली. मी साडूंना खुणावलं, पण खुणावलं चेहऱ्यानं, त्याचा काय उपयोग? त्यांनी हिरवी बांगडी काढली, साबणाचं बोट तळव्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "काऊन बोलत नाही? आधी कोणती घालत होती?"

"दोन-चारच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की साडूंनी मान वर केली. आवाजासाठी ते मान वर करत नाहीत, पण त्या दिवशी केली. त्यांनी तिचं कपाळ पाहिलं, मग गळा पाहिला, मग पुन्हा कपाळ. हातातली बांगडी हातातच राहिली. ज्या माणसानं प्रमुख पाहुण्यांना माईकवर मुंग्या विचारल्या, त्याला मी पहिल्यांदाच शब्द शोधताना पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी... हात तर फळीवरच्या बोंडांवरून बी कळते तसा. बांगडी नको."

तिनं हात मागं घेतला नाही. टेबलावर तसाच ठेवून ती म्हणाली, "पण कळन का त्याशिवाय? हात झाला का नाही ते?"

साडूंनी म्हातारीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हातारी आपली वळलेली मूठ बघत होती.

"माप तर घ्यावंच लागते," साडू हळूच म्हणाले. त्यांनी तळवा दुमडला. अंगठ्याचा गड्डा आत वळला, बांगडी सांध्यांवर टेकली, थांबली, आणि मग साबणावरून मनगटात गेली. हात बरा होता. एरवी ते अशा वेळी "वा" म्हणतात. त्या दिवशी ते ती उतरवायला साबण शोधू लागले, आणि साबण समोरच असून त्यांना सापडेना.

"राहू द्या," म्हातारी म्हणाली. मग उठून जवळ आली, सुनेचा हात उलटसुलट पाहिला आणि डॉक्टरांवर खेकसली. "येकच काऊन घातली? अन्‌ दुसरा हात भुंडा ठेवता काय? लोक काय म्हणतीन मले, सासूनं येका हाताचा खर्च केला म्हनून."

साडूंनी दोन्ही हात भरले. दोघी बाजाराच्या पिशव्या घेऊन गेल्या तेव्हा पिशवी तिच्या उजव्या हातात होती आणि काच वाजत होती.

त्या वर्षी कापूस फुटला, पण निम्म्या बोंडांत अळी होती. जेवढा होता तेवढा तिनं वेचला, असं म्हातारीनं पुढं कळवलं. हात साडूंनी दुरुस्त करून दिला होता. बोंडांची हमी देणारे दुसरे होते आणि त्यांचं पोस्टर पुढच्या हंगामात पुन्हा लागलं, बोंड आणखी मोठं काढून.

साडू मात्र तेव्हापासून थोडे बिघडले, विष्णूबद्दलची माझी खात्रीही आता तेवढी राहिलेली नाही. आता ते आधी माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि त्यामुळं त्यांचा फार गोंधळ होतो. इतक्या वर्षांचे पेशंट त्यांना नवे वाटतात. अक्काला एकदा "तू दमल्यासारखी दिसून राह्यली" म्हणाले, तर ती घाबरून देवापुढं दिवा लावून आली. परवा मी गेलो तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या मिशा कुठं गेल्या?"

"गेल्या," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

त्यांनी माझा हात हातात घेतला. बोटं दाबली नाहीत, मूठ वळवायला सांगितली नाही. नुसता धरून बसले.