गेट, आई आणि माझी पँट

आप्पा गेले आणि आमचं गेट आपलं आपण उघडायला लागलं.

रिमोटचं गेट आमच्या राहू गावात पहिल्यांदा बसवलं ते आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी. गुडघे गेलेले, गाडीतून उतरून गेट लोटणं जमेना. ते गेल्यावर मात्र गेटाच्या मोटारीचं डोकंच फिरलं. मनात येईल तेव्हा घरघर करत गेट सरकायचं. (रिमोट कपाटात!) ते वाजलं, की आई चहा टाकायची. दोन कप. एक प्यायची, दुसरा निवेपर्यंत बघत बसायची.

पाटसहून मेकॅनिक बोलावला. "बोर्ड जळालाय. रिपेअर करून भरवसा न्हाई. नवंच बसवा."

"काढायचं न्हाई," आई म्हणाली. "त्यांनी बसवलंय."

"बदलाच," बायको म्हणाली.

मी दोघींनाही "हो" म्हणालो आणि काहीच केलं नाही. (सुखी संसाराची माझी पद्धत!)

वर्षश्राद्धाला निमोण्याहून मामा दह्याचा डबा घेऊन आले, आणि गेट उघडेचना! रिमोट दाबला, हात जोडले, लाथ मारली. हातानं उघडायची किल्ली कुठं ठेवलीय, हे फक्त आप्पांना माहीत. शेवटी डबा घ्यायला मीच आतून गेटावर चढलो, टांग टाकली, आणि पँट वरच्या लोखंडी भाल्यात अडकली. नेमकं तेव्हाच गेट सुरू! मी वर स्वार, मामा बाहेरून डबा उंच धरून बरोबरीनं पळताहेत.

"उतर की, भाच्या!"

"अडकलोय, मामा!"

"कुठं?"

"सांगण्यासारखं न्हाई!"

टर्रकन आवाज आला. मी जास्वंदीत, दही माझ्या डोक्यावर. सगळे पाहुणे धावत आले. आणि कुणीतरी खळखळून हसलं. आई! वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता ती रडायला लागली.

"मला वाटायचं, तेच येत्यात," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "पर त्यांनी उघडलं असतं, तर तुला आधी खाली घेतलं असतं रं. बदल ते गेट."

गेट वाजलं की मीही पेपरातून मान वर करायचो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नवं गेट बसलं. आवाज नाही, काही नाही. घर फार शांत झालं.

त्या संध्याकाळी आई माझी पँट घेऊन बसली. म्हणालो, "टाकून दे ती, नवी घेतो."

"कशाला?" सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "ही अजून चालंल."

ठिगळ एवढं दणदणीत बसलंय, की हल्ली गाव मला तोंडावरून कमी आणि पाठीमागूनच जास्त ओळखतं!