आईने सगळ्यांसमोर पाय काढून दाखवला

मंडळी, आज सकाळी आमच्या औंढ्यात घडलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या आईला वीस वर्षं शुगर आहे. तीन वर्षांपूर्वी भातलावणीत तिच्या पायात काटा मोडला. शुगरमुळे पाय बधिर झालेला, त्यामुळे तिला कळलंच नाही. जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तेव्हापासून चारचौघांत जाताना ती कृत्रिम पाय साडीने झाकून घ्यायची.

आज समाजमंदिरात शुगर तपासणी होती, म्हणून मी तिला घेऊन गेले. शेजारचे आबा डॉक्टरबाईंना पाय दाखवायला तयारच नव्हते.

"रक्त घ्या की. पाय कशाला बघताय? मला कायबी दुखत न्हाई."

आई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली, पट्टा सोडला आणि पाय काढून टेबलावर ठेवला.

"आबा, मला बी दुखत न्हवतं. दुखलं असतं तर माझा पाय वाचला असता."

आबांनी हळूच चप्पल काढली. टाचेला चांगली खोल जखम होती आणि त्यांना पत्ताच नव्हता!

"वेळेत दाखवलंत, बरी होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग काय, बाया रांगेने आईजवळ येऊन तळवे दाखवायला लागल्या. तीही प्रत्येकीचा पाय मांडीवर घेऊन बघत होती. माझा ऊर भरून आला.

तुमच्या घरातल्या शुगरवाल्या माणसाचे तळपाय शेवटचे कधी पाहिलेत?