पाच टोपल्या मुरूम

गेल्या चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, आम्ही तिघे जण धरणातल्या बेटावर मुक्कामाला निघालो. मी, माझी पत्नी सुमित्रा आणि तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद. देणं होतं पाच टोपल्या मुरमाचं. जीपच्या मागच्या भागात, तंबू आणि पाण्याच्या कॅनशेजारी, त्या टोपल्या मी स्वतः ठेवल्या होत्या.

धरण आमच्या आसेगावच्या बाजूला आहे. त्यात बुडालेल्या गावाच्या देवीचा ओटा तेवढा एका टेकाडावर राहिला, म्हणून तिला पाण्यातली माय म्हणतात. पावसाळ्यात तिच्या चहूकडे पाणी असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की टेकाडाभोवती वाळूचा रुंद किनारा उघडा पडतो आणि काठापासून तिथपर्यंत गाळातून वाट मिळते. मधे एक नाला आडवा येतो, पण त्या दिवसांत तो कोरडा असतो. लाटा दरवर्षी ओट्याचा पाया खातात, म्हणून इथे नारळापेक्षा मुरमाला मान. रात्र बेटावर काढायची आणि पौर्णिमेच्या उगवतीला आपल्या वावरातला मुरूम ओट्याला घालायचा, अशी रीत आहे.

नवस सुमित्राचा होता. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पायांतली ताकद गेली. आधाराशिवाय उठून बसता आलं तर पाच टोपल्या देईन, असं ती दवाखान्यात पडल्यापडल्या बोलली होती. ती बसू लागली. चालणं मात्र परत आलं नाही. खरं सांगायचं तर माझा या गोष्टींवर फारसा भरवसा नव्हता. भाजीपाला पिकवून विकणारा माणूस मी; नवस म्हणजे मला उधारीवर उचललेला माल वाटायचा. पण बोललेलं द्यावं लागतं, एवढं कळत होतं. चाकाची खुर्ची गाळात चालत नाही आणि कोणी उचलून एवढं अंतर नेलं तर तिची पाठ सहन करत नाही, म्हणून हे देणं तसंच राहिलं होतं. प्रल्हादनं जुनी फोर-व्हील जीप घेतली तेव्हा मार्ग निघाला.

टोपल्या भरताना मी प्रत्येकीवर हात फिरवून मुरूम काठाला सपाट केला. प्रल्हाद बघत उभा होता. "भाऊजी, माय काय काट्यावर मोजून घेते काय?" सुमित्रा म्हणाली, "मोजू दे त्याइले. मोजल्याबिगर झोप येत नाही."

धरणाच्या काठावर, पाणी उतरलं की पेरायला मिळणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीत, अंबादास नावाच्या शेतकऱ्यानं टरबूज लावलं होतं. तो आणि त्याची बायको उन्हाळाभर तिथेच झोपडी करून राहतात. प्रल्हादनं चारही टायरची थोडी हवा सोडली, फोर-व्हीलचा गिअर टाकला, आणि अंबादास वाट दाखवत गाडीपुढे चालला. चाकोरी सोडू नका, असं त्यानं दोनदा बजावलं. "वरून सुकेल दिसते, पन खाली लोनी हाय."

संध्याकाळी बेटावर आम्ही सुमित्राला खुर्चीसकट उचलून अगदी पाण्याशी नेलं. तिनं पाय पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ समोर बघत राहिली. पाण्याचा गारवा पायांना कळला की नाही, ते मी विचारलं नाही. मागे प्रल्हादनं तंबू ठोकला, तीन दगडांवर वांग्याची भाजी शिजली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही घराबाहेर उघड्यावर असे पहिल्यांदाच जेवलो.

उजाडलं ते काळंच. पश्चिमेकडून ढग चढत होते, वारा सुटला होता. पहिली टोपली मी ओट्यावर नेली, प्रल्हादनं सुमित्राला उचलून आणलं, तिचा हात लावून मुरूम ओट्याच्या पायाशी ओतला. तेवढ्यात वीज कडाडली आणि तंबू खुंट्यांसह उडाला. वरच्या अंगाला पाऊस सुरू झालेला दिसत होता.

"भाऊजी, नाला आला तं ताईले कसं न्याचं?" प्रल्हाद म्हणाला. तिची औषधं त्या दिवसापुरतीच होती, आणि भिजून आजारी पडणं तिला परवडणारं नव्हतं. मला मात्र राहिलेल्या चार टोपल्या दिसत होत्या. टेकाड चढून चार खेपा होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी गाडीत बसलो. देवीच्या दारातून तिचाच माल परत घेऊन जाणारा माणूस म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाईत प्रल्हादनं नाल्यात चाकोरी सोडली. मागची चाकं ॲक्सलपर्यंत रुतली. आम्ही उतरलो, ढकललं, हातांनी गाळ उपसला. गाडी आणखी खाली गेली. वरून पाण्याची मातकट धार चाकांशी येऊन पोचली. सुमित्रा आत बसून होती.

"मुरूम टाका चाकाखाली," ती म्हणाली.

"तो मायचा हाय," मी म्हणालो.

"मंग मी कोनाची हाव?"

मी एक टोपली उचलली. अंबादास आणि त्याची बायको फावडं, रिकामी पोती घेऊन धावत आले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी चाकांपुढचा गाळ ओढला, मी एकामागून एक चारही टोपल्या ओतल्या, वर पोती अंथरली. जीप थरथरली आणि वर चढली. काठावर पोचून मागे पाहिलं तेव्हा नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता.

यात चमत्कार होता की नाही, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. एवढंच जाणतो की, माझ्या मनासारखं झालं असतं तर पाचही टोपल्या ओट्यावर गेल्या असत्या आणि नाल्यात चाकाखाली घालायला गाडीत काही उरलं नसतं.

तरी चार टोपल्यांची रुखरुख जाईना. नाला आटल्यावर मी एकटाच पुन्हा चार टोपल्या घेऊन गेलो. अंबादास भेटला. म्हणाला, "तुमच्या मुरमावरून मंगरूळपीरची एक गाडी निंगाली. लंगडं मानूस होतं त्याच्यात, मायले भेटून गेलं." मी नाल्यात उभा राहिलो. समोर ओटा दिसत होता, पुढे जायला काही अडचण नव्हती. देणं माझ्या हाती आहे आणि कुठे, कधी द्यायचं तेही मीच ठरवणार, असं मी समजत आलो होतो. मायनं तिच्या वेळेला, तिला हवं तिथे घेतलं होतं, आणि तेही आमच्यासाठीच.

चारही टोपल्या मी त्या चाकोरीत रिकाम्या केल्या. या वेळी त्या भरताना हात फिरवला नव्हता. काठावरची शीग तशीच राहू दिली होती. ओट्याला एक टोपली दिली, नाल्याला आठ. सगळ्या मायलाच पोचल्या.