तूरडाळीची पिशवी आणि चाळीस सेकंद

मिलिंद गेल्याचं मला त्याच्या बायकोनं कळवलं, तेही नागपूरहून. इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत, आमच्या घरांमध्ये जेमतेम चार गल्ल्यांचं अंतर, आणि बातमी मात्र एवढा समुद्र ओलांडून आली! "भाऊजी, मिलिंद शिफ्टवरून आला आणि गाडीतच... शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, पण... तुम्ही जाता का तिकडे?" सुजाताचा आवाज अगदी कोरडा होता. मी "निघालो" म्हटलं आणि उगाच चपला शोधत बसलो. सात आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, हे मला तिला सांगता येईना. आणि ते माझ्यामुळे होतं.

मिलिंद सोन्याच्या खाणीत सेफ्टीचं काम बघायचा, मी तिथेच इलेक्ट्रिकलला. सुजाता आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली आणि कोविडमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, ती तिकडेच अडकली. घरी एकटा सडण्यापेक्षा बरं म्हणून मीच त्याला शनिवारी फुटी बघायला ओढत नेलं. इथली फुटी म्हणजे अंडाकृती बॉलची, आडदांड मारामारीची. लोक मैदानाच्या कडेनं गाड्या नाक आत करून लावतात आणि गोल झाला की सगळे मिळून हॉर्न ठोकतात. पहिल्या दिवशी मिलिंद दचकून उभाच राहिला होता. महिन्याभरात सगळ्यात लांब हॉर्न त्याचा असायचा. तिथेच आम्ही टेगनला बघितलं. बारावीतली पोरगी, हातपाय काटक्या, पण पळायला लागली की समोरच्यांची तारांबळ उडायची. आमच्या फॅन ग्रुपवर दिवसभर तिचाच विषय. उंची किती, डावा पाय कसा चालतो, मोठे क्लब तिला कितव्या नंबरला घेतील... मेलबर्नच्या एका क्लबाचा माणूस तिच्यावर डोळा ठेवून होता, पण राज्याची सीमा बंद, त्याला येताच येईना. मग मिलिंद फोनवर अख्खी मॅच घ्यायचा आणि त्याच संध्याकाळी त्याला पाठवायचा. गाडीच्या बॉनेटवर सुजातानं जुन्या ब्लाउजपीसची शिवलेली, तूरडाळ भरलेली पिशवी, तिच्या खळग्यात फोन. कॉमेंटरी चक्क मराठीत! "पळ गं माझी बाई, आता मागे बघू नकोस!" मेलबर्नवाल्यानं एकदा विचारलं म्हणे, हा माणूस भांडतोय का कोणाशी?

सेमीफायनलला तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेगनला जोरात धडक बसली. ती पडली, लगेच उठली. सगळ्यांची नजर बॉलवर, बॉल गेला पलीकडे. फोन मात्र तिच्यावर होता. उठल्यावर चाळीस सेकंद ती भलत्याच गोलकडे तोंड करून उभी होती. मग भानावर आली, खेळली, दोन गोलही मारले. हॉर्ननं कान बसले आमचे. आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मिलिंदच्या स्वयंपाकघरात आम्ही व्हिडिओ बघत होतो. ग्रुपवर शॉन, म्हणजे आमचा म्होरक्या, सारखा विचारत होता, मेलबर्नला पाठवला का? पाठवला का?

"एवढं काप," मी म्हटलं. "चाळीस सेकंद. कोणाला कळणार आहे?"

मिलिंदनं तेवढाच तुकडा परत लावला, मग पुन्हा एकदा. चहावर साय आली. मग म्हणाला, "हेम्या, खाणीत दगड माणसाच्या शेजारी पडला, लागला नाही, तरी मी फॉर्म भरतो. काही झालं नाही म्हणून सोडून दिलं, की पुढचा डोक्यात पडतो."

"ही खाण नाहीये! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"तेच म्हणतोय मी."

मला असा संताप आला! मोठा आलाय हरिश्चंद्र, असं काहीतरी बोललोही मी. तो उठला, किल्ली घेतली आणि सरळ टेगनच्या आईकडे गेला व्हिडिओ दाखवायला. डॉक्टरनं तपासलं. डोक्याला मार होता, खेळणं बंद. ती फायनलला नव्हती, आम्ही वाईट हरलो. मेलबर्नहून दोन ओळींची मेल आली... यंदा थांबू. त्या दिवशी ग्रुपवर शॉननं लिहिलं, "मेट, फुटीतलं तुला काय कळतं? पोरीचं वाटोळं केलंस." आणि मी... मी त्या मेसेजला अंगठा दिला. पाचच मिनिटांत मिलिंदला ग्रुपमधून काढलं, पण तेवढ्यात त्यानं तो अंगठा बघितला असणारच. बाकी चाळीस जणांचं सोडा, माझा अंगठा त्याला दिसला. रोज वाटायचं, जावं, बेल वाजवावी. आज नको, शनिवारी बघू, असं करत सात शनिवार गेले.

अंत्यविधीला मोजकीच माणसं. इथे शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्यानं बुद्धवंदना म्हटली. सुजाताला दाखवायचं म्हणून फोन माझ्या हातात होता आणि हात थरथरत होते. "भाऊजी, हलतंय खूप... मला तो दिसतच नाहीये." मी मिलिंदचीच गाडी घेऊन आलो होतो, धावत तिच्याकडे गेलो. पिशवी डॅशबोर्डवरच होती. आणून खुर्चीवर ठेवली, खळगा केला, फोन टेकवला. चित्र स्थिर झालं, तळाशी पिशवीच्या कापडाची कड दिसत होती. पलीकडून आवाज आला, "ती माझी पिशवी ना?" एवढं म्हणून ती पहिल्यांदा रडली. मागे शॉन टोपी हातात धरून उभा होता.

पिशवी आता माझ्या गाडीत असते, सुजातानंच ठेवायला सांगितलंय. इथल्या उन्हात ती तापते आणि गाडीभर कच्च्या डाळीचा वास सुटतो. गेल्या शनिवारी सर्व्होत, म्हणजे इथल्या पंपावर, पेट्रोल भरत होतो, तर टेगन तिथे काउंटरवर. सुट्टीतली नोकरी. बाहेर आली, म्हणाली, "यू वेअर मिलिंद्ज मेट, राइट? त्या दिवसाचा व्हिडिओ आहे तुमच्याकडे? द होल थिंग?" होता. मिलिंदनं त्याच दुपारी मला पाठवलेला. बॉनेटवर पिशवी ठेवली, तिच्यावर फोन, आणि आम्ही दोघांनी उभ्यानं ते चाळीस सेकंद बघितले. स्वतःला तशी उभी बघून तिनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात व्हिडिओतून मिलिंदचा आवाज आला.

"व्हॉट्स ही सेइंग?"

मी सांगितलं. तो म्हणतोय, थांबवा रे कोणीतरी, पोरगी ठीक नाहीये.

"अँड द अदर ब्लोक? दॅट्स यू, इजंट इट?"

आवाज माझाच होता, चांगला मोठ्यानं. खोटं सांगायची हिंमत झाली नाही. मी तिला इंग्रजीत सांगितलं, मी म्हणतोय, काही झालेलं नाही तिला, खेळू दे.

तिनं व्हिडिओ बंद केला. फोन उचलून माझ्या हातात दिला, पिशवी दोन्ही हातांनी उचलून डॅशबोर्डवर जागच्या जागी ठेवली, आणि काउंटरवर परत गेली.