शेकोटी हिकडंच हाय

थंडी पडली की माझी सून खिडकी उघडून म्हणते, काय छान धुकं पडलंय. धुक्याचं कौतुक करणाऱ्या माणसाचा मला मनातून राग येतो, पण सकाळी सकाळी घरात वाद कशाला घाला.

मी एसटीत कंडक्टर होतो. साठ-सत्तरच्या सुमाराची काही वर्षं भोरहून वेल्ह्याच्या डोंगराकडं जाणारी मुक्कामी गाडी माझ्याकडं होती. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी भोरहून निघायचं, डोंगराखालच्या शेवटच्या गावात देवळापुढं गाडी लावून तिथंच झोपायचं आणि उजाडता उजाडता पहिली फेरी घेऊन परत यायचं. गाडीत दुधाच्या किटल्या, कचेरीत खेटे घालणारी माणसं, दवाखान्याला निघालेल्या बायका. सगळ्यांना घाई, आणि उशीर झाला की सगळे माझ्यावर डाफरणार, कारण तिकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि मास्तरला सगळं माहीत असतं असा त्यांचा समज.

हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावरून धुई उठायची आणि रस्त्यावर येऊन बसायची. दिवे लावले तर समोर धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखं दिसे, न लावले तर तेही नाही. मग मी खाली उतरायचो, पांढरा टॉवेल पाठीवर सोडायचो आणि गाडीपुढं चालायचो. माझा टॉवेल बघत ड्रायव्हर हळूहळू मागून येत. दव पडून पायजमा पोटऱ्यांना चिकटायचा, दात वाजायचे, आणि आत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, जरा पाय उचला की."

ड्रायव्हर माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. हात इतका हलका की दुधाच्या किटलीचं झाकण हलत नसे. पण वाटेत एक वळण होतं, तिथं त्यांचाही घाम निघे. उतरताना डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला धरणाचं पाणी, मध्ये खडीचा रस्ता आणि कठडा नाही. आदल्या हिवाळ्यात कोळशाचा एक ट्रक तिथून सरळ पाण्यात गेला होता. त्याचा ड्रायव्हर दादांच्या ओळखीचा. वळण जवळ आलं की दादा माझ्याशी बोलणं बंद करायचे. एकदा चहा पिताना म्हणाले, "मास्तर, तितं मला तुमचा टावेल बी दिसत न्हाई. मी आठवणीनं वळतो. येक दिस इसरलो तर?"

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले.

त्या वळणावर, डोंगराच्या अंगाला, बौद्धवाडीची चार घरं होती. गाडी पुढं गावात थांबायची, वाडीला नाही. का नाही, ते कुणी विचारलं नव्हतं. वाडीची माणसं धुईत गावापर्यंत चालत जात.

एके दिवशी अशाच धुईत वळणाशी तांबूस उजेड दिसला. एका घरासमोर म्हातारी शेकोटी करून बसली होती. जाळ डाव्या हाताला ठेवून दादा लोण्यातून सुरी फिरावी तसे वळले. पुढं जाऊन त्यांनी गाडी थांबवली, उतरून मागं आले, जाळावर हात धरले आणि म्हणाले, "आजी, उद्या बी पेटवणार का?"

"थंडी काय उद्या रजेवर जाती व्हय?" म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. वळण घ्यायचं, गाडी थांबवायची, दादांनी उतरून गाडीला वळसा घालून जाळापाशी जायचं, घटकाभर हात शेकायचे. वरच्या गावची माणसं काटक्यांची मोळी गाडीच्या टपावर टाकून द्यायची, ती आम्ही तिथं उतरवायचो. गाडी थांबतेच आहे म्हटल्यावर वाडीची माणसं तिथंच चढू लागली. परतीला लोक माझ्याकडं तिकीट मागताना म्हणायचे, "येक शेकोटी द्या." माझ्या तक्त्यात त्या नावाचा थांबा नव्हता. मी गावाचं तिकीट फाडायचो आणि शेकोटीला उतरवायचो.

मग एका सकाळी धुई नेहमीपेक्षा दाट होती. जाळ दिसला. दादांनी सवयीनं तो डाव्या हाताला धरला आणि चाक फिरवलं. शेकोटी असली की मी वळणावर उतरत नसे, दारातच उभा होतो. एकदम ब्रेक लागला, किटल्या एकमेकींवर आपटल्या, एक बाई माझ्या अंगावर आली.

खाली उतरून पुढं गेलो. गाडीच्या नाकापुढं, दोन हातांवर, म्हातारी बसली होती. जागची हललेली नव्हती. तिच्या पाठीमागं काय आहे ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पाणी दगडावर चुबुक चुबुक वाजत होतं.

शेकोटी रस्त्याच्या पलीकडं, पाण्याच्या कडेला आली होती.

"हलवली कुणी शेकोटी?" मी ओरडलो.

"म्याच," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आवं मास्तर, डायवरची बाजू हीच न्हवं का? रोज त्येंनला गाडीला वळसा घालून यावं लागतंय. म्हनलं, दार उघाडलं की जाळ म्होरं पायजेल."

तिला वाटत होतं, दादा तिथं हात शेकायला थांबतात. आणि आम्ही हिवाळाभर तिच्या जाळाच्या खुणेवर गाडी वळवत होतो, पण हे तिला सांगावं असं आम्हा दोघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. ते कळतंच की, असं आम्ही धरून चाललो होतो.

"आजी, तुमी उठला का न्हाई?" दादांनी विचारलं. त्यांनी दोन्ही हात काखेत धरले होते.

"तुमी रोज थांबताच की," ती म्हणाली.

दादा तिच्याजवळ खाली बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. ट्रकचं, कोळशाचं, त्या ओळखीच्या ड्रायव्हरचं, आठवणीनं वळण्याचं. म्हातारी ऐकत राहिली. मग उठली, घमेल्यात निखारे भरले आणि रस्ता ओलांडून परत घरासमोर नेऊन ठेवले. मागं राहिलेला जाळ तिनं धरणाचं पाणी आणून विझवला. घरातून आपल्या सुनेला हाताला धरून बाहेर आणलं आणि दाखवलं, हितं, हितून तसूभर हलवायची न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आणखी एक सुरू केलं. गाडीचा आवाज आला की ती धुईतून हाक द्यायची, "शेकोटी हिकडंच हाय!" दादा वळणाअलीकडं इंजिन बंद करून ती हाक ऐकायचे, मगच निघायचे. गाडीतली माणसंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसत. उशिराबद्दल मला कुणी बोललं नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

पुढल्या पावसाळ्यात म्हातारी वारली. आम्हाला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, वाडीतल्याच एका माणसाकडून. दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग हिवाळा आला आणि पहिली धुई पडली. वळणाअलीकडं दादांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. समोर तांबूस काहीतरी होतं, पण ते कुठल्या अंगाला आहे ते काही केल्या उमगेना. दादांचा हात किल्लीवर तसाच. मी टॉवेल काढला आणि उतरायला दार उघडलं. मला तेव्हा त्या म्हातारीचा राग आला होता, खरं सांगतो, की ही आम्हाला सवय लावून गेली.

तेवढ्यात धुईतून हाक आली. बारीक, लाजरी. पुरुषमाणसांपुढं मोठ्यानं बोलायची सवय नसलेल्या बाईची.

"शेकोटी हिकडंच हाय, दादा."

मला रडू आलं. दादांनी इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चला मास्तर."

मी डबल बेल दिली.